पूजेतली वही, बाहेरचं दार

खंडेनवमी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं.

हजर : मी. श्रीनिवास, आमचा लॅब टेक्निशियन. रफिकभाई, सॅम्पलची गाडी चालवणारे, दारातच उभे. आत यायचं तर बूट काढावे लागतात आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या फार लांब आहेत. फोनवर : संगीता, करकंबच्या केंद्रावरून. गैरहजर : आमच्या पॅथॉलॉजिस्ट, डॉक्टर मॅडम. त्यांच्या घरी होम होता. रिपोर्ट मोबाइलवर बघून मंजूर करीन, पण अकरानंतर एकदा पाटावर बसले की साडेबारापर्यंत फोन घेणार नाही, असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशीच्या माझ्या यादीत सहा कामं होती. पाच पूजेची. सहावं असं : 'अनसूयाबाई, करकंब. प्लेटलेट. बाराच्या आत पोचणे.'

ही गेल्या वर्षीची खंडेनवमी. मी सोलापुरातल्या एका लॅबमध्ये संगणक सांभाळते. रक्ततपासणीची लॅब. वेळापूर, करकंब अशा गावांत आमची केंद्रं आहेत. तिथं फक्त रक्त घेतात. रफिकभाईंची गाडी पहाटे वेळापूरहून निघते, वाटेत करकंबचा डबा घेते आणि पावणेदहाच्या सुमारास आमच्या दारात लागते. तपासणी सोलापुरात होते. रिपोर्ट मात्र गाडीनं परत जात नाही, तो त्या त्या केंद्राच्या संगणकावर उमटतो. हा जो इकडून तिकडे जायचा मधला रस्ता आहे, तो माझा. तो बंद पडला की माझा फोन वाजतो. चालू असतो तेव्हा मी आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं, आणि ते तसंच असावं.

रस्ता म्हणजे जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम. त्याला ब्रोकर म्हणतात. जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीत मी एकदा सांगितलं की मी ब्रोकर सांभाळते, तर दोन शेजाऱ्यांनी फ्लॅटचे भाव विचारले. तेव्हापासून मी पोस्ट ऑफिस सांगते. लॅबनं रिपोर्ट पेटीत टाकायचा. ब्रोकर तो त्या केंद्राच्या कप्प्यात रांगेनं लावून ठेवतो. केंद्राचा संगणक दारापाशी येऊन आपला कप्पा रिकामा करतो आणि 'मिळाला' म्हणून पोच देतो. पोच येईपर्यंत ब्रोकर रिपोर्ट टाकून देत नाही. केंद्राची लाइन दोन दिवस बंद राहिली तरी तिसऱ्या दिवशी सगळे रिपोर्ट आल्या क्रमानं हजर होतात. आमच्या धंद्यातली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा दारापाशी. केंद्रावरचा पडदा लाल होतो आणि खाली इंग्रजीत एक ओळ येते. ती ओळ कुणी वाचत नाही. 'मॅडम, बंद पडलंय' एवढंच सांगतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला : काय लिहिलंय ते वाचून दाखवा. कारण त्या ओळीतच निम्मं उत्तर असतं. पत्ता सापडत नाही असं लिहिलं असेल, तर केंद्राच्या संगणकाला घर कुठं आहे तेच माहीत नाही. वेळ संपली असं असेल, तर तो हाका मारून दमला, आतून हूं की चूं नाही. घर आहे की रस्त्यातच काही आडवं आलंय, कळत नाही. ओळख पटली नाही असं असेल, तर दार उघडलं पण राखणदारानं पास मागितला. आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड', म्हणजे नकार, असं असेल तर मी खरं म्हणजे खूश होते. घर सापडलं, घर जिवंत आहे, फक्त दार लागलेलं आहे. दार उघडायला फार वेळ लागत नाही, असा माझा समज होता.

समज बऱ्याचदा खराही ठरतो. वेळापूरचं केंद्र नवीन सुरू झालं तेव्हाची गोष्ट. वेळापूरच्या मनीषाला मशीन तयार करून द्यायचं होतं, म्हणून मी करकंबच्या मशीनमधला सगळा प्रोग्राम उचलून तिच्या मशीनमध्ये ठेवला. रिपोर्टांचे कप्पे बदलले. पण आत शिरताना केंद्रानं स्वतःचं नाव सांगायचं असतं, ते बदलायचं राहिलं. आता दोन्ही केंद्रं दाराशी येऊन 'मी करकंब' म्हणायची. ब्रोकर पहिल्याला आत घ्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचा, करकंब आत आधीच बसलंय.

हे मला आठ-दहा दिवस कळलं नाही, कारण दोघींपैकी एकीनंही तक्रार केली नाही. त्यांना वाटलं पद्धतच अशी आहे, जी आधी येईल तिची लाइन लागते. संगीता आठला केंद्र उघडायची. मनीषा पावणेआठला यायला लागली. संगीतानं साडेसात केलं. गावातली लाइन दिवसातून एकदा तरी पडते, तेव्हा जी मागं राहिली असेल ती पटकन आत घुसायची आणि आपले रिपोर्ट काढून घ्यायची. शेवटी मला संगीताच्या नवऱ्याचा फोन आला.

"मॅडम, रागावू नका, पर बायकोला पावणेसहाला केंद्रावर कशाला बोलावताय? डबा कोण करायचा?"

"मी नाही बोलावलं."

"मग ती वेळापूरची कोन मनीषा हाय, तिला तरी जरा उशिरा उठायला सांगा की."

मशीनवर जाऊन एक शब्द बदलला आणि दोन गावांतल्या दोन बायका पुन्हा आठला कामावर यायला लागल्या. त्या दिवशी माझ्या यादीत नवी ओळ आली : नवीन केंद्र, नवीन नाव.

माझ्या याद्या अशाच तयार झाल्या आहेत. प्रत्येक ओळीमागं एक फजिती आहे. यादी करणाऱ्या माणसाला लोक शिस्तीचा समजतात, पण आमच्या याद्या म्हणजे आम्ही कुठंकुठं आपटलो त्याची नोंद असते. मी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालते. जुन्या वहीतली राहिलेली कामं हातानं नव्या वहीत उतरवते, झालेल्यांवर टीक असतेच, आणि जुनी वही कपाटात जाते. गेल्या खंडेनवमीपर्यंत अशा अकरा वह्या साठल्या होत्या.

भिंतीवरचा कागदही एका फजितीतूनच आला. वेळापूरला एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका आहेत. एकदा लाइन बंद होती. मी फोनवर साखरेचा आकडा सांगून टाकला, आणि तो निरोप ज्या सुमनबाईंकडे जायला हवा होता तिथं न जाता दुसऱ्या सुमनबाईंकडे गेला. ज्यांना काही नव्हतं त्यांनी नातवाच्या बारशाला जिलबीकडे बघितलंही नाही. ज्यांची साखर चढली होती त्यांनी त्याच बारशाला दोघींच्या वाटची जिलबी खाल्ली. चौथ्या दिवशी दोघी मिळून केंद्रावर आल्या, एकमेकींचा हात धरून, आणि मनीषाला म्हणाल्या, "तुमच्या सोलापूरच्या मॅडमला म्हनावं, आमी दोगी हाय." कुणाचं फार नुकसान झालं नाही. पण मी त्याच संध्याकाळी मोठ्या अक्षरात कागद छापला, खाली सही केली आणि फोनच्या वर चिकटवला : 'फोनवर आकडा सांगायचा नाही. कुणालाही. कोणत्याही कारणानं.'

आता पुन्हा खंडेनवमी.

आमच्याकडे दरवर्षी मशीनची पूजा होते. रक्त मोजायची मशीनं चालू असतात, त्यांना फूल वाहायचं, मागच्या खोलीतल्या सर्व्हरला हळदकुंकू, नारळ, पेढे, संपलं. गेल्या वर्षी श्रीनिवास पहिल्यांदाच आमच्या पूजेला होता. त्याच्या घरी तीन पिढ्यांचे माग आहेत, घरात तेलुगू बोलतात, आणि खंडेनवमी त्याच्याकडे फार मनापासून असते. सर्व्हरचे दिवे लुकलुकत असताना मी करंडा उघडला तर तो म्हणाला,

"मॅडम, हे चालू आहे."

"चालूच असतं. वर्षभर बंद होत नाही."

"आमच्याकडे चालत्या मागाला हळद लावत नाहीत. एक दिवस त्याला आराम द्यायचा, म्हणून तर पूजा. धावणाऱ्या माणसाला अडवून ओवाळल्यासारखं होतं हे."

दारातून रफिकभाई म्हणाले, "मॅडम, मैं तो माल टाइमपे लाया. अब तुम पोस्ट बंद करके फूलां डालते क्या?"

मला श्रीनिवासचं म्हणणं पटलं. पूजेपेक्षा जास्त दुसऱ्या कारणानं पटलं. तो सर्व्हर आदल्या वर्षीच्या श्रावणापासून बंद झाला नव्हता. इन्व्हर्टर, जनरेटर, सगळं आहे. वीज गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. कधीतरी बंद करून बघायलाच हवा होता. मी हिशेब केला. अनसूयाबाईंची बाटली मशीनपर्यंत पोचायला, आकडा निघायला, कमी आला तर काच करून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघायला, मॅडमची मंजुरी यायला अकरा वाजणार. तोपर्यंत अर्धा तास पोस्ट बंद राहिली तर कुणाचं काही अडत नव्हतं. मी संगीताला फोन केला.

"अकरापर्यंत लाल दिसेल. घाबरू नकोस."

"न्हाय घाबरत. पर मॅडम, अकराला नक्की ना? हितले डॉक्टर म्हनालेत, कालच्यापेक्षा आकडा पडला आसंल तर पंढरपूरला न्यायचं, न्हाय तर हितंच सलाईनवर ठेवायचं. दवाखान्याची गाडी बाराला जानार हाय, एका बाळंतिणीला घेऊन. मागं एक जागा हाय. मग गाडी परत चारला."

"नक्की."

"सकाळपासून बोलल्या न्हाईत मॅडम त्या. भांडायला तरी पायजेत की."

अनसूयाबाई म्हणजे संगीताची सासू. डेंगी. चौथा दिवस.

दहा वाजून दहा मिनिटांनी मी सर्व्हर बंद केला. यादीप्रमाणे, क्रमानं. खोली एकदम शांत झाली. त्या खोलीत पंख्यांचा आवाज इतका सवयीचा झाला होता की तो थांबल्यावर श्रीनिवास हळू आवाजात बोलायला लागला. त्यानं सर्व्हर ओल्या फडक्यानं पुसला, हळदीची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली. मग म्हणाला, "तुमची हत्यारं कुठं आहेत?"

"ही काय, समोर."

"ती मशीनं. तुमची."

मी कपाटातून अकराही वह्या काढून दिल्या. चालू वही हातात होती, तिच्यात आजची यादी. श्रीनिवासनं अकरा वह्यांची नीट थप्पी केली, वर फुलं ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "आता या उद्या दसऱ्याला उचलायच्या. तोवर उघडायच्या नाहीत."

मला बरं वाटलं. वह्यांना आजवर कुणी हळदकुंकू लावलं नव्हतं.

दहा चाळीसला सर्व्हर चालू केला. ब्रोकर उठला, हिरवा दिवा लागला. लॅबमधली मशीनं एकेक करून जोडली गेली. यादीत ओळ होती 'हिरवा दिवा बघणे'. टीक केली. 'करकंबला विचारणे' अशी ओळ नव्हती. पेढे वाटले. रफिकभाईंनी दोन घेतले आणि गाडी धुवायला गेले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी अनसूयाबाईंचा आकडा आला. काल नव्वद हजार होत्या. आज एकतीस. श्रीनिवासनं तोवर काच करून पुन्हा मोजल्याही होत्या. एकतीसच. मॅडमनी पाटावर बसण्याआधी मंजुरी दिली. रिपोर्ट पेटीत पडला. माझ्या समोरच्या पडद्यावर करकंबच्या कप्प्यात तो दिसत होता. तिथून हलत नव्हता.

संगीताचा फोन आला. "मॅडम, लालच हाय की."

"काय लिहिलंय?"

"कनेक्शन रिफ्यूज्ड."

मी चक्क हसले. "मग काही नाही. पाच मिनिटं दे."

ही पाच मिनिटं पुढं बरीच लांबली. नेहमी बिघाड तिकडचा असतो, म्हणून मी तिला मशीन बंद-चालू करायला लावलं. मग बाहेरच्या रस्त्यावरचा आमचा राउटर तपासला. त्याच्या नियमांची यादी काढून एकेक ओळ वाचली. सगळं जागच्या जागी. माझ्या मोबाइलवरून बाहेरून दार ठोठावून बघितलं, मलाही नकार. म्हणजे करकंबचा दोष नाही. तेवढ्यात वेळापूरहून मनीषाचा फोन, तिच्याकडेही लाल. संगीताचा पुन्हा फोन. "मॅडम, डॉक्टर इचारतात." मी म्हटलं, "पाच मिनिटं." अकरा पस्तीस झाले होते.

तेव्हा मी ते केलं जे पहिल्यांदा करायला हवं होतं. ब्रोकरलाच विचारलं, तुझी दारं किती उघडी आहेत? त्यानं एक दाखवलं. आतलं, लॅबपुरतं. बाहेरचं दार, ज्यातून करकंब आणि वेळापूर यायचे, ते लागलेलं वगैरे नव्हतं. ते नव्हतंच.

आणि मला आठवलं. ते दार आदल्या वर्षीच्या श्रावणात मीच उघडलं होतं. दिवसभर रिपोर्ट चालू होते, ब्रोकर थांबवायला कुणी देईना, म्हणून चालत्या माणसाच्या शर्टाला अंगावरच बटण टाकावं तसं मी चालत्या ब्रोकरला दुसरं दार लावलं. असं करता येतं. फक्त ते दार त्याच्या ध्यानात राहतं ते तो जागा असेपर्यंत. झोपून उठला की त्याला तेवढंच आठवतं जे त्याच्या फाईलमध्ये लिहिलेलं आहे. फाईलमध्ये मी लिहिलंच नव्हतं. दाराचा क्रमांक कोणता, कुलूप कोणतं, किल्ल्या कुठं ठेवल्या, हे सगळं मी त्या दिवशी वहीत उतरवलं होतं. वही थप्पीत होती. फुलांखाली.

मी उठले आणि श्रीनिवासला म्हटलं, "सगळ्यात वरची वही दे."

त्यानं थप्पीकडे बघितलं. "मॅडम, पूजेतली वही उद्याच."

"श्रीनिवास, तिकडे बाई आहे. गाडी बाराला सुटणार."

"बाईसाठीच म्हणतोय. फोन करा की."

मी बोटानं भिंतीवरचा कागद दाखवला. खरंच दाखवला. आज लिहितानाही मला ते बोट दिसतं.

तो रागावला नाही. टेक्निशियन माणूस, सकाळपासून मान खाली घालून काचा मोजत होता. म्हणाला, "तुमचा कागद भिंतीवर आहे, माझी वही देवापुढं आहे. मी माझं मोडतो, तुम्ही तुमचं मोडा. एकदमच करू, म्हणजे कुणी कुणाला बोलायला नको."

त्यानं फुलं उचलून ताटात ठेवली, थप्पीला हात लावून डोळ्याला लावला, तेलुगूत काहीतरी पुटपुटला आणि वही माझ्याकडे सरकवली. मी फोन उचलला.

"संगीता, लिहून घे. आधी नोंदणी क्रमांक." मी क्रमांक वाचला. "आता तू वाच."

तिनं वाचला.

"एकतीस हजार. तू वाच."

तिनं आकडा लिहून घेतला. मग, "एकतीस हजार. काल नव्वद हुत्या. ठेवते मॅडम."

अकरा त्रेचाळीस.

एका गोष्टीची मला अजून लाज वाटते. संगीता तिच्या स्वतःच्या सासूचा आकडा विचारत होती. तो दुसऱ्या कुठल्या अनसूयाबाईंकडे जायची शक्यताच नव्हती. अडतीस मिनिटं आकडा माझ्या समोर होता, फोन हाताशी होता, आणि मी रस्ता दुरुस्त करत बसले होते, कारण रस्ता माझा होता आणि दुरुस्ती आणखी पाच मिनिटांत होणारच होती. ही आमच्या धंद्याची खोड आहे. समोरचं माणूस रिपोर्टची वाट बघत असतं आणि आम्हाला वाटतं ते लाइनची वाट बघतंय.

मग मी वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही, माझ्या वह्या त्या बाबतीत चांगल्या आहेत. श्रावणातला सोमवार. '१. बाहेरचे दार उघडणे. २. तेच फाईलमध्ये लिहिणे.' आणि त्यावर टीक. दार उघडलं, करकंबला पहिला रिपोर्ट गेला, त्या आनंदात मी इतकी मोठी टीक केली होती की ती पहिल्या ओळीवरून सुरू होऊन दुसरीवर उतरली होती. पुढं पाडव्याला राहिलेली कामं नव्या वहीत उतरवताना दोन्ही ओळींवर शाई दिसली. दोन्ही झालेली धरली.

श्रीनिवासनं खांद्यावरून वाकून बघितलं. "टीक भारी आहे," म्हणाला.

दाराची माहिती खाली लिहिलेली होतीच. अकरा एक्कावन्नला मी चालत्या ब्रोकरला पुन्हा तेच दार लावलं, अगदी गेल्या खेपेसारखं, कारण बंद-चालू करत बसायची ती वेळ नव्हती. पडद्यावर करकंबच्या कप्प्यात अडकलेले रिपोर्ट एकामागोमाग एक जायला लागले. वेळापूरचेही गेले. एकही हरवला नाही, एकही दोनदा गेला नाही. एरवी हे बघून मला समाधान वाटतं. त्या दिवशीही वाटलं, पण जरा उशिरा.

बारा वाजून दहा मिनिटांनी संगीताच्या नवऱ्याचा फोन आला. गाडी निघाली होती. मागच्या जागेवर अनसूयाबाई, त्यांच्या शेजारी संगीता. "केंद्रावर मी बसलोय," तो म्हणाला. "हितं समदं हिरवं हाय. मी कायबी दाबनार न्हाय, तुमी काळजी करू नका."

साडेबाराला डॉक्टर मॅडमचा फोन आला. मी सगळं क्रमवार सांगितलं. दार, फाईल, वही, कागद. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "फोन चालू होता ना गं आपला?"

"हो."

"बरं," म्हणाल्या, आणि ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अनसूयाबाई पंढरपूरला सहा दिवस होत्या. घरी आल्या. दिवाळीनंतर रफिकभाईंच्या गाडीतून सॅम्पलच्या डब्याशेजारी डाळिंबांची पिशवी आली. रफिकभाई पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले, "बुढिया बोली, रिपोर्टवाली मॅडमको दे. मैं बोला, रिपोर्टवाला तो श्रीनिवास है. तो बोली, दोनोंको आधा आधा." आम्ही वाटून घेतली. संगीताला विचारलं, सासूबाई कशा आहेत. म्हणाली, "काल भाजीत मीठ जास्त झालं म्हनून अर्धा तास बोलल्या. बऱ्या हाईत."

भिंतीवरचा कागद मी खंडेनवमीच्याच संध्याकाळी बदलला. आता तिथं लिहिलंय : 'पडदा लाल दिसला की आधी फोन, मग दुरुस्ती. नाव नाही, नोंदणी क्रमांक. समोरच्यानं परत वाचून दाखवायचं.' खाली दोन सह्या आहेत, माझी आणि श्रीनिवासची. वर्षभरात पाच-सहा वेळा तसा फोन करावा लागला. वेळापूरच्या दोन्ही सुमनबाई सुखरूप आहेत.

बाहेरच्या दाराची माहिती मी दसऱ्याच्या सकाळी फाईलमध्ये लिहिली. श्रीनिवासला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घेतली. म्हणजे काम झालं, असं कुणीही म्हणेल. पण फाईलमध्ये लिहिलेलं बरोबर आहे का, हे कळायचा एकच मार्ग आहे. ब्रोकर पुन्हा पूर्ण बंद करायचा, चालू करायचा, आणि दार आपोआप उघडतं का बघायचं. त्याला जेमतेम दहा मिनिटं लागतील.

ती दहा मिनिटं अजून मिळालेली नाहीत. एका गुरुवारी ठरवलं होतं, तर वेळापूरला तपासणी शिबिर निघालं. एका रविवारी ठरवलं, तर करकंबला एका लहान मुलीचा रिपोर्ट जायचा होता. प्रत्येक वेळी कप्प्याकडे बघितलं की कुणीतरी दाराशी उभं असतंच. खंडेनवमीआधी अर्धा तास म्हणजे काहीच नाही असं मला वाटत होतं. आता दहा मिनिटं बंद करायची म्हटलं तरी मी आधी कुणाकुणाचे रिपोर्ट आहेत ते वाचते, आणि वाचलं की हात मागं येतो. आज या घडीलाही ब्रोकर त्या दिवशी घाईत लावलेल्या दारावरच चालला आहे. उत्तम चालला आहे. आदल्या खेपेलाही असाच उत्तम चालला होता.

यंदाची खंडेनवमी जवळ आली आहे. हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तोवर ती होऊनही गेलेली असेल. श्रीनिवासनं आत्तापासून विचारायला सुरुवात केली आहे, "मॅडम, यंदा बंद करणार ना? का परत चालत्यालाच हळद?" मी यादी तयार केली आहे. आदल्या दिवशी दोन्ही केंद्रांना विचारायचं. कुणाचा रिपोर्ट अडलेला असेल तर पूजा पुढं ढकलायची, आणि ते देवाला सांगायची जबाबदारी श्रीनिवासनं घेतली आहे. वह्यांची थप्पी लावायची, पण ती जुनी वही बाहेर टेबलावर ठेवायची. चालू केल्यावर हिरवा दिवा बघून थांबायचं नाही, करकंबला आणि वेळापूरला फोन करून त्यांच्या पडद्यावर काय आहे ते वाचून घ्यायचं.

सातवी ओळ अशी आहे : 'फाईलवरून बाहेरचे दार आपोआप उघडले.' तिच्यापुढं चौकोन मी मुद्दाम लहान काढला आहे, एका ओळीच्या बाहेर जाणार नाही इतका. सध्या तो रिकामा आहे.